मदत हवी आहे : कॅम्परच्या छतावरील सांधे दिवाळीपूर्वी पुन्हा सील करायचे आहेत

नमस्कार. आम्ही जुन्या मिनीबसचे कॅम्परमध्ये (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत) रूपांतर करून घेतले असून, दिवाळीच्या सुट्टीत गगनबावडामार्गे कोकणात उतरण्याचा बेत आहे. गाडी सोलापुरातच, उघड्या अंगणात उभी असते. येथील उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांपलीकडे जात असल्याने पत्रा दिवसभर तापून प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो, आणि या रोजच्या ताणामुळे छतावरील वायुवीजनाच्या झडपेभोवतीचे सीलंट (सांधे बुजवणारा लेप) भेगाळून कडेने सुटले आहे. सप्टेंबरमधील पावसात आतल्या प्लायवूडवर ओलीचा डाग उमटला, तेव्हा हे लक्षात आले. (आधी मी खिडकीलाच दोष देत होतो.)

अडचण अशी की, गॅरेजवाल्याने मूळ थरावर साधे सिलिकॉन फासून ठेवले आहे. सिलिकॉनच्या अवशेषांवर दुसरे सीलंट नीट चिकटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते पूर्ण खरवडून झडपेखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट लावावे, असा माझा विचार आहे. परंतु पत्र्याचा रंग न दुखावता सिलिकॉन कसे काढावे? पॉलियुरेथेन उन्हात टिकण्यासाठी त्यावर रंग देणे आवश्यक आहे काय?

दारांच्या कडेचे ईपीडीएम (एक प्रकारचे कृत्रिम) रबर अद्याप लवचिक आहे. पेट्रोलियमयुक्त ग्रीसने ते फुगते, म्हणून मी सिलिकॉन स्प्रे वापरतो. मात्र सीलंटच्या जागी त्याचे तुषार उडू नयेत म्हणून ते काम शेवटी करणार आहे. सोलापुरात ब्युटाइल टेप कोठे मिळेल, हेही कृपया कळवावे.