पाचगणीच्या घराचं धुराडं: गिलावा सुटलाय, सल्ला हवा

घाटावरचा: नमस्कार मंडळी. पाचगणीला आमचं जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर आहे, वर मंगळुरी कौलं. शेकोटीचं धुराडं कौलांच्या वर पुरुषभर निघतं. पश्चिमेच्या अंगाला त्याचा गिलावा फुगलाय, हात मारला की बदबद वाजतो. उभी चीर आहे, रंगाचे पापुद्रे निघतात, खाली बैठकीच्या भिंतीला ओल येते. थंडीत शेकोटी पेटवतो, त्यामुळे धुराडं बंद करायचं नाही. पावसाआधी उरकायचंय. बजेट परांचीसकट ३० हजार. गिलावा कशाचा करू आणि रंग कोणता?

बंगलेवाला: लोणावळ्याच्या घराला आम्ही रबरासारखं ताणलं जाणारं कोटिंग मारून घेतलं, वॉरंटीसकट. लाखाच्या वर गेले, पण भिंत खणखणीत आहे. ३० हजारांत काही होत नाही.

सुगरण_सातारा: फिल्टरलेस ऑटोक्लीन किचन चिमणी घ्या. आमची दोन वर्षं उत्तम चालतेय, तेल आपोआप गळून वाटीत जमतं.

जुनावाडा: ताई, कौलावरचं धुराडं आहे ते.
घाटावरचा, सिमेंट लावूच नका. जांभा पाणी पितो आणि ते हवेला परत देतो. वरून कडक सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं आणि गिलावा ढलप्यांनी सुटतो. आमच्या वाड्याला मुरवलेला चुना वापरला, गूळ-हिरड्याचं पाणी घालून. वर ओलं गोणपाट बांधून सावकाश वाळवला. रंगही चुन्याचाच.

गवंडीकाम: चुन्याचा कारागीर आणायचा कुठून? सिमेंट, चुना, वाळू १:१:६ घ्या. पोकळ भाग टाचून काढा, सांधे खरवडा, दगड भिजवून मगच माल मारा. आठवडाभर पाणी मारायचं. रंग महिनाभराने.

बंगलेवाला: एवढ्या उपद्व्यापापेक्षा कोटिंग बरं.

जुनावाडा: ओल्या भिंतीवर तुमचं कोटिंग फुग्यासारखं फुगेल. आत पाणी आहे, ते जाणार कुठे?

कौलारू: रंगावरून काय भांडता! आधी पाणी कुठून शिरतं ते बघा. धुराड्याची टोपी भिंतीबाहेर दोन इंच तरी हवी आणि तिच्या खालच्या अंगाला खाच हवी, म्हणजे थेंब तिथेच तुटतो, भिंतीवरून ओघळत नाही. दुसरी जागा म्हणजे कौलांशी सांधा. सगळे तिथे सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात उतरता लेप, मारतात. कौलं उन्हापावसात हलतात, वाटा तडकतो, पाणी आत. पत्र्याची एक कड दगडांच्या सांध्यात खोचून घ्या, दुसरी कौलांवर सोडा. चढाच्या बाजूला पालापाचोळा अडून पाणी तुंबतं, तिथे पत्रा रुंद घ्या आणि कौलांच्या खाली सरकवा. माझ्या घरी दोनदा गिलावा करूनही ओल होती, पत्रा नीट बसवल्यावर थांबली.

धूरकट: ओलीचे डाग तपकिरी आहेत का? तर ते काजळीचं असतं. इमल्शन मारलं तरी वर उमटतं. उभी चीर आतपर्यंत गेली असेल तर धूर माळ्यावर येईल. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे हलक्यात घेऊ नका. शेकोटीत ओलं गवत धुमसवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, वरचं तोंड ओल्या गोणपाटाने थोडा वेळ झाका आणि धूर कुठून निघतो ते बघा.

गवंडीकाम: टोपीचं मीही सांगणारच होतो. पिंपळ उगवलाय का तेही बघा, नुसता छाटून भागत नाही.

परांचीग्रस्त: आमच्याकडे परांचीवाल्यानेच निम्मे पैसे घेतले. काम दहा दिवस लांबलं, त्याचं भाडं वेगळं.

घाटावरचा: सगळ्यांचे आभार. धूर करून पाहिला, चिरेतून काही आलं नाही. गिलावा खरवडला तर आत चिरे शाबूत, फक्त सांधे पोकळ. त्यामुळे गिलावा आणि रंग दोन्ही रद्द. चुन्याने सांधे भरून जांभा उघडाच ठेवतोय. पत्रा आणि नवी टोपी मात्र कौलारूंनी सांगितली तशीच.

जुनावाडा: उघडा? चारी बाजूंनी पाऊस झोडपणार! निदान चुन्याचे दोन हात तरी द्या.

बंगलेवाला: दगडावर मारायचं पारदर्शक कोटिंगही मिळतं. नंबर देऊ का?