जुन्या लेन्सचं बोकेह: चित्राची भाषा की काचेचा दोष?

प्रकाशवेध

पोर्ट्रेटसाठी जुन्या मॅन्युअल लेन्स वापरायच्या म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. एक, असला ब्लर, म्हणजे फोकसबाहेरच्या भागाचा धूसरपणा (त्याचं रूप म्हणजे बोकेह), एडिटिंगमध्ये आणता येतो. दोन, ज्याला आपण लेन्सचं 'कॅरेक्टर' म्हणतो तो डिझाइनमधला दोष आहे, त्याचं कौतुक कशाला? मला दोन्ही मान्य नाहीत. उदाहरणाला हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स घेतो, कारण या विषयात पहिलं नाव बहुतेक तिचंच निघतं.

५८ मिमी, एफ/२ (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), आठ पात्यांचं अपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र), एम ४२ आटे (लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची पेचाची जोडणी). चार गटांत सहा काचा, रचना कार्ल झाइस येनाच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली. एफ/२ ला फ्रेमच्या मधोमध ती चांगली शार्प असते, पण कडेला जावं तसे मागचे प्रकाशबिंदू गोल राहत नाहीत, बदामी होतात. तिरपा येणारा प्रकाश पुढच्या आणि मागच्या काचांच्या कडांवर कापला जातो, म्हणून. हे बदाम केंद्राभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. त्यात कडेच्या अस्टिग्मॅटिझमची (वेगवेगळ्या दिशांच्या रेघा वेगवेगळ्या अंतरावर फोकस होण्याची) भर पडली की अख्खी पानांची जाळी गरगरते. यालाच वळण म्हणतो.

हे एडिटिंगमध्ये नीट येत नाही. लेन्समध्ये प्रकाश आधी पसरतो आणि मग सेन्सरवर पडतो, त्यामुळे उन्हाचा तुकडा पसरूनही झगझगीत राहतो. सॉफ्टवेअरच्या हाती येतो तो आधीच पांढरा फटक पडलेला पिक्सेल. तो पसरवला की चकती राखाडी, मेलेली दिसते. शिवाय प्रत्येक पान वेगळ्या अंतरावर असतं आणि केसांच्या कडेला मास्क (माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा करणारी निवड) हमखास चुकतो.

वळण हवं असेल तर: फुल फ्रेम (३६×२४ मिमीचा सेन्सर), एफ/२, माणूस दीड ते दोन मीटरवर, त्याच्या मागे ५ ते ८ मीटरवर ऊन झिरपणारी दाट पानं, चेहरा मधल्या भागात. मागे कोरी भिंत किंवा मोकळं आकाश असेल तर वळायला काही उरतच नाही. एफ/४ ला वळण जवळजवळ संपतं, कारण मग प्रकाश कडांवर कापला न जाता पात्यांनीच आखला जातो आणि कडेच्या चकत्याही मधल्यासारख्या होतात.

नितळकाच

असहमत. आधी हिशेब मांडतो, कारण 'जुन्या लेन्सचा जबरदस्त ब्लर' हे वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही.

दूरच्या पार्श्वभूमीतल्या बिंदूची चकती सेन्सरवर किती मोठी पडेल? प्रवेशछिद्राचा (पुढून दिसणाऱ्या अपर्चरचा) व्यास गुणिले मॅग्निफिकेशन (वस्तूच्या मानानं सेन्सरवरचं चित्र किती मोठं). हेलिओसचं छिद्र ५८ भागिले २, म्हणजे २९ मिमी. साध्या ८५ मिमी एफ/१.८ चं सुमारे ४७. आता ९० सेंमी रुंदीची फ्रेम दोन्हींनी सारखी बांधा, मॅग्निफिकेशन ०.०४. हेलिओस सुमारे १.५ मीटरवरून १.१६ मिमीची चकती देते, ८५ मिमी सुमारे २.२ मीटरवरून १.८९ मिमीची. शिवाय ८५ ला मागे उभं राहावं लागतं, म्हणून नाक-कपाळाचं प्रमाणही चेहऱ्याला जास्त मानवतं.

बदाम आजच्या ८५ मिमी एफ/१.४ लेन्समध्येही कडेला दिसतात, पण ते फेर धरून नजर ओढत नाहीत. बॅकग्राउंडचं काम चेहऱ्यामागे गप्प राहण्याचं. ती चेहऱ्याभोवती भोवरा करू लागली की बघणारा आधी भोवरा बघतो.

सॉफ्टवेअरचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची नोंद) लिनिअर, म्हणजे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात, असताना आधी हायलाइट उचलले आणि मग ब्लर दिला तर चकत्या उजळ येतात. केसांच्या कडांबद्दल मात्र तुमचं खरं आहे.

प्रकाशवेध

चकतीचा आकडा मान्य, पण माझा मुद्दा चकती किती मोठी हा नव्हता, ती कशी मांडली जाते हा होता. ८५ मिमी पानं विरघळवते, हेलिओस पानं ठेवून त्यांना दिशा देते. पान पान म्हणून ओळखू यायला हवं असेल तर लहान चकती हाच फायदा ठरतो. पानांच्या जागी उभ्या-आडव्या गजांची खिडकी असेल तर हीच लेन्स मी वापरणार नाही. सरळ रेघांना वळण मिळत नाही, त्या कडेला नुसत्या दुहेरी होतात.

आटेमापक

दोघांचं वाचलं. हेलिओसच्या फोटोंवरून 'चांगली' किंवा 'वाईट' ठरवताना अर्ध्या वेळा दोष अ‍ॅडॉप्टरचा असतो, म्हणून थोडं त्यावर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या जोडकडीवर.

एम ४२ चं फ्लँज अंतर (लेन्स टेकते त्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं) ४५.४६ मिमी. सोनी ई चं १८, निकॉन झेड चं १६, कॅनन आरएफ चं २०. म्हणजे अ‍ॅडॉप्टरची जाडी अनुक्रमे २७.४६, २९.४६ आणि २५.४६ मिमी हवी. ही जाडी ०.१ मिमीनं जास्त झाली तर ५८ मिमीची लेन्स 'अनंत'च्या (सर्वांत दूरच्या फोकसच्या) खुणेवर सुमारे ३४ मीटरवर फोकस करते, त्यापलीकडचं काही शार्प येत नाही. ५८ चा वर्ग भागिले ०.१, इतका सोपा हिशेब. म्हणून अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात. मग अनंत खुणेच्या थोडं आधीच येतं, ते चालतं. वाईट कोणता? एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. त्यानं फोकसचं प्रतल तिरकं होतं, फ्रेमची एक बाजू मऊ येते आणि लोक त्यालाच 'कॅरेक्टर' म्हणतात. कॅलिपरनं चार जागी मोजा, पाच मिनिटांचं काम.

जुन्या निकॉन एफ एसएलआरवर एम ४२ लेन्स लावू पाहणाऱ्यांसाठी: तिथलं अंतर ४६.५ मिमी, लेन्सला हवं त्याहून एक मिमी जास्त. मधे काच असलेल्या अ‍ॅडॉप्टरशिवाय अनंत मिळणार नाही, आणि ती काच एफ/२ ला चित्र धुरकट करते.

एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सर) वर नाराज होणाऱ्यांनी लेन्सला बोल लावू नये. फुल फ्रेमचा कोपरा केंद्रापासून २१.६ मिमीवर असतो, एपीएस-सी चा साधारण १४ वर. वळण असतं तो पट्टाच कापला जातो. ०.७१ चा फोकल रिड्यूसर (मधे काचा असलेली, चित्र आक्रसून सेन्सरवर पाडणारी जोडकडी) तो बराचसा परत आणतो आणि लेन्स ४१ मिमी एफ/१.४ सारखी वागते, पण रिड्यूसर स्वतःचा मऊपणा कोपऱ्यात मिसळतो.

कॅमेऱ्यात 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, स्टॅबिलायझेशनला ५८ मिमी हाताने भरा. फोकस पीकिंगवर (शार्प कडांवर रंगीत रेघ दाखवणारी सोय) विसंबू नका. एफ/२ ला हेलिओसच्या कडांभोवती हलकी प्रभा असते, त्यामुळे पीकिंगची रेघ जाड होते आणि पापणीऐवजी भुवई फोकसमध्ये येते. डोळ्यावर झूम करून बघा. ज्या अपर्चरला फोटो काढायचा त्याच अपर्चरला फोकस करा. प्रीसेट रिंगमुळे (अपर्चर किती मिटायचं ती मर्यादा आधीच ठरवणारी रिंग) उघड्या अपर्चरला फोकस करून मग बंद करण्याचा मोह होतो, पण पाती बंद करताना फोकस थोडा सरकतो.

नितळकाच

हे सगळं वाचून माझा आक्षेप पक्काच होतो. अ‍ॅडॉप्टरचा ०.१ मिमी, प्रत्येक नगाची वेगळी अलाइनमेंट, मागच्या कित्येक वर्षांत कोणी किती वेळा उघडली ते ठाऊक नाही. मग जे दिसतं ते डिझाइनमुळे की झिजण्यामुळे, हे ओळखायचं कसं? काचेवर धुरकट थर चढला की सावल्या उचलल्या जातात, काँट्रास्ट पडतो, आणि कौतुक होतं 'स्वप्नाळू' म्हणून. तो थर निघाला की स्वप्नही जातं.

खुलीपाती

ओळखता येतं. अंधाऱ्या खोलीत लेन्स पूर्ण उघडी ठेवा, मागून टॉर्च तिरकी धरा, पुढून बघा. पसरलेला सारखा दुधी पडदा म्हणजे हेझ, बहुधा ग्रीसची वाफ आतल्या काचेवर बसलेली. बऱ्याचदा ती पुसून निघते. कोळ्याच्या जाळ्यासारखे फुटलेले धागे म्हणजे बुरशी. कोटिंग खाल्लं गेलं असेल तर बुरशी काढूनही ओरखडे राहतात. काठावरून आत सरकणारा इंद्रधनुषी डाग म्हणजे चिकटवलेल्या दोन काचा सुटताहेत, अशी लेन्स घेऊ नका. किरकोळ धूळ आणि पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा बोकेहचं फार बिघडवत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र जास्त नडतो.

पात्यांवरचं तेल बघून लगेच घाबरू नका. ४४-२ मध्ये पाती रिंगनं हाताने फिरतात, त्यामुळे तेलकट असली तरी काम देतात. ऑटो अपर्चरच्या लेन्समध्ये तीच पाती चिकटून उशिरा मिटतात. ज्या ऑटो लेन्सना मॅन्युअलचा खटका नाही, त्यांना मागची पिन दाबून धरणारा कडीचा अ‍ॅडॉप्टर लागतो, नाहीतर अपर्चर कायम उघडंच राहतं.

आणि हूड (बाजूचा प्रकाश अडवणारी पुढची कडी) लावा. एकेरी कोटिंगच्या या काचांत फ्रेमबाहेरचं आकाशही काँट्रास्ट खातं. ४४-२ चा फिल्टर आटा ४९ मिमीचा आहे. हूड फार खोल नको, फ्रेमचे कोपरे काळे पडतील. स्वप्नाळूपणा बाहेरून शिरणाऱ्या प्रकाशामुळे होता की लेन्समुळेच, हे हूड लावून आणि काढून घेतलेल्या दोन फोटोंत बरंच कळतं.

बुडबुडा

चर्चा वळणातच अडकली आहे. 'दोष' या शब्दाला खरं उत्तर ट्रिपलेट, म्हणजे तीनच काचांच्या, लेन्स देतात. मायर ऑप्टिक गोर्लिट्झची ट्रायोप्लान १०० मिमी एफ/२.८ घ्या. फक्त तीन काचा. गोलीय विपथन (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याचा दोष) जरा जास्तच दुरुस्त झालेलं, त्यामुळे मागच्या चकतीचा काठ उजळ आणि पोट फिकट दिसतं, साबणाच्या बुडबुड्यासारखं. फोकसच्या पुढच्या वस्तूंना हेच उलटं होतं, तिथे काठ मऊ. म्हणून दव, ओली पानं, पाण्यावरची चमक अशा बारीक तेजस्वी बिंदूंना मागेच ठेवायचं.

निकॉननं १०५ आणि १३५ मिमी एफ/२ डीसी (डिफोकस कंट्रोल) लेन्समध्ये याच विपथनासाठी वेगळी रिंग दिली होती: मागची चकती मऊ करायची की पुढची, हे फोटोग्राफर ठरवतो. निर्माता जे मुद्दाम फिरवू देतो त्याला दोष कसं म्हणायचं?

ट्रायोप्लान नसेल तर पेंटाकॉन एव्ही १०० मिमी एफ/२.८ ही स्लाइड प्रोजेक्टरची लेन्सही ट्रिपलेट आहे. तिला अपर्चर नाही, फोकस रिंग नाही, त्यामुळे हेलिकॉइड (फिरवून लांब-आखूड होणारी फोकसची नळी) लागतो. बसवताना अंदाजानं नळ्या जोडू नका. दूरच्या खिडकीचं चित्र पांढऱ्या कागदावर स्पष्ट पडेपर्यंत लेन्स पुढे-मागे करा, तिच्या मागच्या कडेपासून कागदापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून कॅमेऱ्याचं फ्लँज अंतर वजा करा. उरलं तेवढ्यात हेलिकॉइड आणि कडी बसली पाहिजे. १०० मिमीला सुमारे १.२ मीटरवरच्या वस्तूसाठी १० मिमी बाहेर यावं लागतं, तेव्हा २५ ते ५५ मिमीचा हेलिकॉइड पुरून उरतो. आतून चकाकणाऱ्या नळीला काळं मॅट कापड चिकटवा, नाहीतर बुडबुडे धुक्यात बुडतात.

नितळकाच

डीसी रिंगचं उदाहरण मान्य, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे परिणाम फोटोग्राफरच्या हातात आहे, रिंग शून्यावर आणली की लेन्स नेहमीसारखी. हेलिओसमध्ये पुढची काच उलटी बसवून वळण वाढवणारेही आहेत, त्यात कोणता ताबा?

खुलीपाती

तेही परत फिरवता येतं, नीट केलं तर. नाव कोरलेली पुढची रिंग रबरी टोपीच्या घर्षणानं सोडवा, टोकदार अवजार नको, घसरलं की कोटिंग गेलं. काच काढण्यापूर्वी तिच्या काठावर पेन्सिलनं खूण करा, म्हणजे कोणती बाजू बाहेर होती ते परत बसवताना शोधावं लागणार नाही. उलटल्यावर फुगीर बाजू आत जाते. रिंग हळूहळू आवळा, काच आतल्या काचेला टेकतेय असं वाटलं तर तिथेच थांबा. मग अनंताचा फोकस तपासा. मधला छोटासा भाग शार्प राहतो, बाकी सगळं पुसल्यासारखं होतं. डोळा त्या छोट्या भागाच्या बाहेर गेला की फोटो फुकट.

प्रकाशवेध

ताबा ४४-२ मध्येही आहे, अपर्चर रिंगवर. प्रीसेट रिंग एफ/४ वर लावा. मग दुसरी रिंग एफ/२ ते एफ/४ मध्ये टकटक न होता फिरते. एफ/२ ला पूर्ण वळण, एफ/२.८ ला कोपऱ्यापुरतं, एफ/४ ला जवळजवळ नाही. ट्रायपॉडवर एकच फ्रेम या तिन्हींत काढा, प्रत्येक वेळी डोळ्यावर नव्यानं फोकस करून. एफ/४ चा फोटो जास्त बोलका निघाला तर त्या जागेपुरतं नितळकाच यांचं बरोबर. पानांमागे ऊन असेल तेव्हा मला एफ/२.८ चा सरस वाटतो: चेहऱ्याभोवतीची पानं शांत, फक्त चार कोपरे किंचित आत वळलेले.