नफा वाढतोय पण रोकड येत नाही, असा शेअर घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहतो. निफ्टी ५० इंडेक्स फंडातली एसआयपी चालू आहे, ती तशीच राहील. बचतीतला लहानसा हिस्सा मात्र तीन-चार कंपन्यांच्या शेअरमध्ये, स्वतः अभ्यास करून घालायचा आहे. टिपा नकोत.

आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या सामानाचे कारखाने बरेच, म्हणून तिथूनच सुरुवात केली. अशाच एका कंपनीचे वार्षिक अहवाल वाचतोय. नफा दरवर्षी वाढलाय, पण कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये धंद्यातून आलेली रोकड सलग उणे. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे, विक्रीपेक्षा वेगानं फुगली आहेत. माल विकला की नफा नोंदला जातो, पैसा नंतर येतो, हे कळतं. सरकारी वीज कंपन्यांकडून वसुलीला वेळ लागतो, हेही मान्य. पण हे धंद्याचं स्वरूप समजायचं की धोक्याची खूण? तुम्ही किती वर्षांचा नफा आणि रोकड शेजारी ठेवून बघता? येणी किती दिवसांची झाली की हात आखडता घेता?

प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींचे शेअर कर्जासाठी तारण नाहीत, ते बीएसईवर तपासलं. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

घाई अजिबात नाही. तसंही वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर; त्यानंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के.

वडोदऱ्यात कुणी मराठी मंडळी एकत्र बसून असे अहवाल वाचत असतील, तर जरूर कळवा. रविवारी सकाळी मी येऊ शकेन.