मदत हवी आहे: गुणांशिवायचं प्रगतिपत्रक पालकांना कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी. लातुरातल्या एका प्रयोगशील शाळेचा प्राथमिक विभाग जूनपासून माझ्याकडे आलाय. पहिली ते चौथी आम्ही गुण देत नाही. 'हातच्याच्या वजाबाकीत अडतो, पण भाजीचा हिशोब तोंडी चोख करतो' अशा नोंदी लिहितो. पालकांचं मात्र एकच, "मॅडम, टक्के किती?" गाव पडलं लातूर पॅटर्नचं! त्यात पाचवीत नवोदयची परीक्षा, शिवाय २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षाही. म्हणून तिसरीतच शाळा बदलायची भाषा सुरू झालीय. पालकसभेत बोलून घसा बसला, फरक शून्य.

कुणी पालकांना दिवसभर वर्गात बसवून पाहिलंय का? चौथीला नवोदयचा थोडा सराव घ्यावा, की ठाम राहावं? नोंदींचा नमुना असेल तर टाका प्लीज.