भिंतीची बुरशी ब्लीचने जाते म्हणणाऱ्यांनी हे वाचा

जांभ्याचं घर, दापोली:
काल इथे एकाने लिहिलं, "चतुर्थीला गावी आलो तर भिंती काळ्या. गाववाल्यांना स्वच्छतेचं वळणच नाही. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड बादलीत एकत्र करून घासा, विषय संपला." गप्प बसवेना म्हणून लिहितेय.

आधी ती बादली. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियमच्या आघाडीवर सैनिकांवर हाच वायू सोडला होता. पावसात खिडक्या लावून बसलेल्या घरात हा प्रयोग कुणीही करू नका.

आता बुरशी. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, स्वच्छ घरातसुद्धा. त्यांना लागते ती ओल. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर टिकली की त्यांचं फावतं, आणि आपल्याकडे जुलैत ती पंच्याऐंशीच्या खाली क्वचित येते. आपल्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढतो. त्यावर आपण सिमेंटचा गिलावा आणि वरून प्लास्टिक पेंट चढवतो. पाणी आत कोंडतं, रंगाला फोड येतात. नखाने फोड उचला, मागे काळी मखमल दिसेल. ब्लीचचा जोर वरच्यावर संपतो, त्यातलं पाणी मात्र भिंतीत मुरतं. डाग पांढरा पडतो म्हणून गेल्यासारखा वाटतो. शिवाय मेलेली बुरशीही दमेकऱ्याला त्रास देतेच. गळती बंद करा, तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसून काढा, कोरडं झाडू नका, आणि भिंत वाळू द्या.

राजापूर-डोंबिवली:
ते लिहिणारा मीच. ॲसिडचं मान्य, ते वाक्य काढलं. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही. माझ्या बाथरूमच्या टाइल्सवर ब्लीच मारतो, महिनाभर काळं येत नाही. कोविडात रस्तोरस्ती हायपोक्लोराइट फवारलं, तेव्हा तुमचं विज्ञान कुठे होतं?

जांभ्याचं घर, दापोली:
टाइल पाणी पीत नाही, म्हणून तिथे चालतं. आणि रस्त्यावर फवारू नका हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. धूळ-मातीत ब्लीच तिथल्या तिथे निकामी होतं.

कुडाळकार:
मूळ दुखणा कोण बोलनाच नाय. तुमी मे म्हयन्यात आंबे खाऊन घराक टाळा लावतास आनि चवथीक दार उघडून आमका वळान शिकयतास! तीन म्हयने घरात वारो नाय, दिवो नाय. बुरशी येतली नाय तर काय?

राजापूर-डोंबिवली:
चावी दिली होती ना! आलो तर पडवीत दुसऱ्याच्या भाताच्या गोणी. पगारातून घर उभं केलं, घरपट्टी मी भरतो, आणि बाहेरचाही मीच?

कुडाळकार:
गोणी दिसल्यो. वादळात उडालेली कौलां रातोरात कोणी घातली, ता नाय दिसला?

जुनी वहिवाट:
दोघंही थांबा. आजीच्या घरात बुरशी बघितली नाही. शेणाने सारवलेली जमीन, वर मंगलोरी कौलं, चुलीचा धूर. शेण जंतुनाशक असतंच. स्लॅब आले आणि घरं सडली.

जांभ्याचं घर, दापोली:
कौलांच्या फटींतून वारा खेळायचा आणि चुलीच्या उबेने माळा सुका राहायचा, इतकं खरं. पण त्याच धुराने माझी आजी शेवटची वर्षं बसून झोपायची, आडवी झाली की खोकल्याची उबळ. आणि शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. त्याला जंतुनाशक म्हणू नका.

माहेर वेंगुर्ला:
ट्रंकांचंही बघा. बाळंतपणाला आईने डांबरगोळ्यांतली दुपटी काढली. डॉक्टरांनी वास घेतला आणि सगळी बाजूला ठेवायला लावली. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने फुटतात, कावीळ वाढते. आमचं बाळ ठीक होतं, पण तपासणीचा निकाल येईपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. घरात तान्हं मूल असेल तर त्या गोळ्या नकोतच.

राजापूर-डोंबिवली:
गोळ्यांचं आजच घरी सांगतो. भिंतीचं म्हणाल तर ब्लीचऐवजी चुन्याचा हात मारून बघेन, तुमच्या समाधानासाठी.

जांभ्याचं घर, दापोली:
प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. आधी पेंट खरवडा, जमलं तर सिमेंटचा गिलावाही उतरवा. पावसात हात लावू नका, भिंत सुकल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. चुना अल्कधर्मी, त्यावर बुरशी सहजी येत नाही, आणि भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडते. पण खिडक्या बंदच राहिल्या तर तोही किती पुरणार?

राजापूर-डोंबिवली:
खिडक्या उघडायला जुलैत मी डोंबिवलीहून येऊ?

कुडाळकार:
राजापुरात तुमचो शेजारी असात ना? तेका चावी द्या. उघाडीच्या दिवसाक दारा-खिडक्यो उघडीत. फक्त गोणींचा भांडान आधी मिटवा.