फिटच्या औषधांच्या चिठ्ठ्यांची पाहणी करायची आहे, फॉर्म कसा असावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी धुळे जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस मेंदूविकाराची ओपीडी असते. साक्री-शिरपूरपासून पार धडगाव-अक्कलकुव्यापर्यंतचे पेशंट येतात. लकवा, कंपवात, अर्धशिशी सगळं असतं, पण गर्दी फिटच्या पेशंटची. त्यांना कोणती औषधं, किती मात्रेत लिहिली जातात याची सहा महिने पाहणी करायला वरिष्ठांनी होकार दिला आहे. फॉर्म मी करायचा आहे आणि तिथेच अडले आहे.

हे मनात का आलं ते सांगते. मागच्या महिन्यात एक पावरा आदिवासी बाई मुलीला घेऊन आली. पोरगी एकोणीस-वीस वर्षांची, भिंत धरून चालत होती, जीभ जड झालेली, नजर बाजूला वळवली की बुबुळं थरथरायची. मायने फडक्याची गाठ सोडली. आत फिनिटॉइन या फिटच्या औषधाची दोन पाकिटं. एक आमच्या खिडकीवरचं, दुसरं आधीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून घेतलेलं. कंपनी वेगळी, नाव वेगळं, म्हणून औषधंही वेगळी समजून ती दोन्ही देत होती. रोज 300 अधिक 300 मिलिग्रॅम. हे औषध फोडायची यकृताची ताकद एका मर्यादेनंतर संपते, त्यामुळे मात्रा दुप्पट झाली की रक्तातली पातळी दुपटीच्याही खूप पुढे जाते. डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं. पोरगी सावरली.

घरी जाऊन मी जागतिक आरोग्य संघटनेचे 1993 चे निर्देशक (चिठ्ठीत औषधं कशी लिहिली आहेत हे तपासायचे ठरावीक निकष) त्याच चिठ्ठीला लावून पाहिले. औषधं दोनच, फिनिटॉइन आणि फॉलिक ॲसिड. दोन्ही जेनेरिक नावाने लिहिलेली, दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीतली. अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन नाही. म्हणजे चिठ्ठी पैकीच्या पैकी पास! नुसत्या केसपेपरवरून पाहणी केली तर ही पोरगी त्यात कुठेच दिसणार नाही. म्हणून पेशंटला घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन बोलवावं आणि गाठोड्यात निघालेलं वेगळ्या रकान्यात लिहावं असं वाटतं. पण पेशंटशी बोलायचं तर एथिक्स कमिटीकडे संमतीपत्र द्यावं लागेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो हे माहीत आहे, पण पावरी बोलणारा साक्षीदार ओपीडीच्या गर्दीत आणायचा कुठून? मला अहिराणी येते, पावरी नाही. आशाताईंची मदत घेतलेली चालते का?

दुसरी अडचण हिशोबाची. प्रमाणित रोजची मात्रा (औषधांच्या वापराची तुलना करायला धरलेली सरासरी मात्रा) फिनिटॉइनची 300, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरॅसिटाम या फिटच्याच औषधांची 1500 मिलिग्रॅम धरतात, पण ती मोठ्या माणसांची. मुलांना वजनावर मात्रा देतात आणि आमच्या कितीतरी केसपेपरवर वजनच नसतं. मुलांचं गणित तुम्ही वेगळं ठेवलंत की वगळलंत? क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधानेही फिनिटॉइन रक्तात साचतं, म्हणून तो रकाना मी आधीच टाकला आहे.

सगळ्यात अवघड रकाना व्हॅल्प्रोएटचा. गरोदरपणात ते घेतलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा, म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलींची आणि सुनांची नोंद हवीच. पण खिडकीशी सासू उभी असताना "मूल हवंय का?" हे विचारू कसं? नुसतं विचारल्यानेही घरात कालवा होऊ शकतो. कोणी हे नीट हाताळलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दुष्परिणाम सापडले तर त्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, 1800-180-3024 वर, कळवायचं हे ठरलं आहे. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि गोळ्या मधेच तुटतात, तेव्हा पाहणी त्याआधी सुरू करायची आहे. कोणी असं काम केलं असेल तर निदान तुमच्या फॉर्ममधले रकाने कळवा.