पूर आला की आमचं बेट होतं : शहरातून परतल्यावर काय आठवतं?

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला पर्लकोटा नदीच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडची गावं तुटतात, हे वर्षानुवर्षं पेपरात येत आलंय. दोन दिवस फोटो फिरतात, पाणी उतरतं, विषय संपतो. पण नागपूर-पुण्यात शिकून, नोकरी करून जे पुन्हा तिकडेच राहायला गेले, त्यांना शहरातलं नेमकं काय आठवतं? मॉल-मल्टिप्लेक्स नको, रोजच्या जगण्यातलं सांगा. नदी आडवी येते त्यांनी लिहाच, जंगल आडवं येतं त्यांनीही लिहा.

नदीपलीकडची मास्तरीण
मला आठवते ती 'राहू दे, उद्या आणू' म्हणायची सोय. नागपुरात तेल संपलं तर कढई गॅसवर ठेवून पोरगं खाली दुकानात पिटाळता येतं. इथं मे महिन्यातच यादी करायची : तेल, तूरडाळ, मीठ, काडेपेट्या, सेल, मेणबत्त्या, तापाच्या गोळ्या, मुलीसाठी पॅड. रेशनचं धान्य पावसाळ्याआधीच गावात येऊन पडतं, त्यामुळे तांदळाची चिंता नसते. बाकीचं आपलं आपण. काडेपेट्या मी तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवते, नाहीतर जुलैत गुल नुसता खरवडून निघतो, पेटत नाही.

आणि नागपूरच्या मैत्रिणींना एक गोष्ट कितीही सांगितली तरी पटत नाही. आमच्याकडे लख्ख ऊन असतं आणि पूल पाण्याखाली असतो! पर्लकोटा आणि पामुलगौतम भामरागडजवळ इंद्रावतीला मिळतात. तिकडे वर छत्तीसगडात पाऊस झाला की इंद्रावती फुगते, मग या दोघींच्या पाण्याला पुढे जायला वाटच राहत नाही, ते मागे चढतं. म्हणून मोबाइलवरचा पावसाचा अंदाज पाहून आमचं काही ठरत नाही. तोही दिसला तर, कारण रेंजसाठी टेकडीवर मोहाच्या झाडाखाली जावं लागतं. तिथं पोचलं की साऱ्या आठवड्याचे मेसेज एकदम कोसळतात, त्यातले निम्मे 'शुभ सकाळ'.

अकोल्याचा, सध्या एटापल्ली तालुक्यात
आटाचक्की! लाईट गेली की चक्की बंद, आणि पावसाळ्यात लाईट कधी येईल ते कोणालेच ठाव नाही. इकडचे लोक भात खाऊन खुशाल राहतात, मले दोन वक्ता भाकर लागते. शेवटी शेजारच्या आजीनं जातं काढून दिलं. खुंटा कसा धरायचा तेही तिनंच शिकवलं आणि मी दळत असलो की दारात बसून हसते. ज्वारी घरून आणतो, इथं मिळत नाही मनासारखी.

बर्डीवाला
तर्री पोहे. बाकी काई नाई बाप्पा.

सिरोंचा
आमचं बेटपण बरंच कमी झालं, हे कबूल करायला पाहिजे. एकीकडे प्राणहिता, दुसरीकडे गोदावरी, आणि आपलं जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर. गोदावरीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे कालेश्वरला नावेनं जायचं. आता गाडीनं तेलंगणात जाऊन दवाखाना, बाजार सगळं होतं. आठवतो तो सकाळचा मराठी पेपर. इथं हाती येईस्तोवर दुपार कलते.

मेळघाटची सून (माहेर परतवाडा)
रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान. लेकराला ताप भरला की माहेरी भाऊ गाडीला किक मारायचा आणि अर्ध्या तासात औषध घेऊन यायचा. इथं घाटात झाड आडवं पडलं की सकाळपर्यंत ओल्या फडक्याच्या घड्या. दुसऱ्या बाळंतपणाला तर आशाताईंनी तारखेच्या कितीतरी आधी मला दवाखान्याजवळ आणून ठेवलं. तेव्हा राग आला होता, घरी म्हशीचं कोण पाहील म्हणून. रात्री पाऊस सुरू झाला आणि राग गेला.

वर्ध्याची, मुक्काम कवरत्ती
माझं गाव पावसाळ्यापुरतं बेट नाही, बारा महिने बेट आहे. लक्षद्वीप. नवऱ्याची नोकरी इथली. सुट्टीत वर्ध्याला येते आणि परतताना कोचीच्या धक्क्यावर जीव जड होतो. तिथून पुढे जहाजात रात्र काढायची, किंवा विमानानं अगत्तीला उतरून पुन्हा बोट. मासे, नारळ हवे तितके. पण भाजी कोचीहून येते. समुद्र खवळला की जहाज लांबतं, आणि मग कांदासुद्धा मोजून चिरायचा. वर्ध्याला भाजीवाली जुडीवर चार काड्या कोथिंबीर फुकट टाकते ना, ते पाहून मला रडू येतं. बेटावर नदी नाही. विहिरीचं पाणी मचूळ लागतं, पिण्यासाठी समुद्राचं पाणी गोडं करून देतात. चहाला मात्र धाम नदीच्या पाण्याची चव नाही, असं माझं ठाम मत. नवरा म्हणतो चहापत्तीचा दोष.

आलापल्लीचा पोरगा
सगळे शहराची आठवण काढून राहिले, मले पुण्यात उलटं होते. तिथं सगळं दहा मिनिटात दारात येते, पण दारात आलेल्याचं नाव कोणाले माहीत नसते. गावात पूर असला की निदान कोणाच्या घरी काय संपलं ते तरी समजते.

नदीपलीकडची मास्तरीण
पोरा, ते खरं. पण ते समजतं म्हणून माझी साखर जुलैतच संपते, त्याचं काय?

आलापल्लीचा पोरगा
दिवाळीत येतो तेव्हा दोन किलो आणतो, मॅडम. अजून काही लागत असंल तर आताच सांगा.

नदीपलीकडची मास्तरीण
सेल आण. मोठे, बॅटरीचे.